आशी पार्मांतिए: बीफ-बटाट्याच्या फ्रेंच थरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पदार्थ नेमका काय आहे?

फ्रान्समध्ये घरोघरी होणारा, ओव्हनमध्ये भाजलेला थरांचा पदार्थ. तळाशी कुस्करलेल्या मऊ बटाट्याचा थर, मध्ये आधीच शिजवून बारीक चिरलेलं बीफ, परतलेला कांदा आणि थोडा रस्सा, वर पुन्हा बटाटा. त्यावर ब्रेडचा चुरा आणि लोणी, किंवा किसलेलं चीज. वरची बाजू खरपूस झाली की भांडं तसंच टेबलावर येतं आणि मोठ्या चमच्याने वाढलं जातं. फ्रेंच मुलं हा पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये खातच मोठी होतात. तिथल्या सुपरमार्केटात तो गोठवलेल्या डब्यांतही मिळतो, पण त्या डब्यावरून त्याची पारख करू नये.

मुळात हा उरलेल्या मांसाचा पदार्थ. रविवारी ‘पोतोफ’ करायचं, म्हणजे बीफचे मोठे तुकडे गाजर, सलगम, लीक (कांद्याच्या कुळातली जाड पात) आणि कांद्याबरोबर तीन-चार तास मंद आचेवर शिजवायचे. त्या दिवशी रस्सा, भाज्या आणि मांस खायचं, आणि उरलेल्या मांसाचे सोमवारी थर लावायचे. ही पार्श्वभूमी नीट लक्षात ठेवा, कारण खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

नावातला पार्मांतिए कोण?

आंत्वान-ओग्युस्तँ पार्मांतिए (1737–1813), फ्रेंच सैन्यातला औषधशास्त्रज्ञ. सप्तवार्षिक युद्धात (1756–63) तो प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, कैदेत पडला आणि तिथे कैद्यांना मिळणाऱ्या बटाट्यावर राहिला. त्या काळात फ्रान्समध्ये बटाटा म्हणजे डुकरांचं खाणं समजलं जाई. त्याने कुष्ठरोग होतो असाही समज होता, आणि 1748 मध्ये माणसांच्या खाण्यासाठी त्याची लागवड करायला बंदी घातली गेली होती. बटाट्यावर राहूनही आपली तब्येत ठणठणीत राहिली, हे पार्मांतिएने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. सुटून आल्यावर त्याने उरलेलं आयुष्य या कंदाची बाजू मांडण्यात घालवलं. 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने बटाटा खाण्यायोग्य असल्याचा निर्वाळा दिला.

पॅरिसजवळच्या साब्लाँच्या नापीक जमिनीवर त्याने राजाच्या परवानगीने बटाटा लावला, त्याची गोष्ट फ्रान्समध्ये सगळ्यांना ठाऊक असते. दिवसा शेतावर सैनिकांचा पहारा असे आणि रात्री तो मुद्दाम उठवला जाई. एवढा पहारा आहे म्हणजे पीक मौल्यवान असणार, असं समजून लोक रात्री बटाटे चोरून नेत आणि आपल्या वाफ्यात लावत, असं सांगतात. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे आणि तिच्यावर लोक आजही बटाटे ठेवून जातात. हा पदार्थ मात्र त्याने शोधलेला नाही. फ्रेंच स्वयंपाकात बटाट्याच्या पदार्थांना मानाने त्याचं नाव दिलं जातं, तसं ते इथेही आलं.

कच्चा खिमा परतून वापरला तर चालेल ना? सगळ्या व्हिडिओंमध्ये तसंच दाखवतात.

पोट भरेल, आणि आज बरीच फ्रेंच घरंही आठवड्याच्या धावपळीत तेच करतात. पण माझं मत विचाराल तर तो वेगळा पदार्थ झाला.

फरक असा. खिम्याचे तंतू यंत्रातून निघतानाच तुटून गेलेले असतात. परतला की तो पाणी सोडतो, आक्रसतो आणि रवाळ होतो. मग त्याला ओलावा द्यायला टोमॅटोची प्युरी घालावी लागते आणि चव सॉसच्या दिशेने जाते. याउलट पायाचं किंवा खांद्याचं मांस तीन तास मंद शिजलं की त्यातल्या चिवट पांढऱ्या पडद्यांचं जिलेटिन होतं. हे जिलेटिन मांसात आणि रश्शात उतरतं आणि त्यानेच मधला थर रसदार राहतो, वेगळा सॉस लागत नाही.

एकदा असं मांस सुरीने चिरून पाहा. गार झालेला तुकडा पाटावर ठेवला की त्याच्या उभ्या धाग्यांमध्ये पारदर्शक, थरथरणारी जेली दिसते. तंतूंना आडवी सुरी चालवली की धागे अर्ध्या सेंटिमीटरचे होऊन सुटे पडतात, जेली सुरीच्या पात्याला चिकटते आणि बोटं चिकट होतात. हा चिकटपणा पुसून टाकू नका, पाटावरचं सगळं खरवडून कढईत जाऊ द्या. ओव्हनमध्ये तो वितळतो आणि मांसाचा कण न् कण ओला राहतो. खिम्यात हे मिळत नाही.

मिक्सरमध्ये फिरवलं तर? नको, त्याची पेस्ट होते. सुरीच हवी. सातशे ग्रॅम मांस चिरायला फार तर पंधरा मिनिटं लागतात.

कोणतं मांस घ्यावं? महाराष्ट्रात आणि गोव्यात काय मिळेल?

फ्रान्समध्ये पोतोफसाठी पुढच्या खांद्याचं, पायाचं, बरगडीचं किंवा गालाचं मांस घेतात. स्वस्त, कष्टाळू स्नायूंचे तुकडे. फिले किंवा अंडरकटसारखं महाग मांस इथे वाया जातं, ते लांब शिजवलं की कोरडं पडतं.

महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हशीचं मांस कायदेशीर आहे आणि ‘मोठ्याचं’ म्हणून दुकानात जे मिळतं ते हेच. गोव्यात गाय कापायला बंदी आहे, पण बैलाचं मांस प्रमाणपत्रानंतर मिळतं, त्यामुळे तिथे निवड थोडी मोठी.

म्हशीचं मांस गडद रंगाचं, कमी चरबीचं आणि जाड तंतूंचं असतं. या पदार्थाला ते छान लागतं, मात्र वेळ जास्त द्यावा लागतो. दुकानदाराकडे पायाचं, नळीसकट मांस मागा आणि पांढरे पडदे काढून टाकू नका असं आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो चांगुलपणाने सगळं साफ करून देतो आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट त्याच्याकडेच राहते. नळी रश्शात शिजवा, नळीतला मगज नंतर मधल्या थरात मिसळा.

मांस किती वेळ शिजवायचं? कुकर चालेल का?

चालेल. पातेल्यात मंद आचेवर तीन ते साडेतीन तास, म्हशीच्या जुन्या मांसाला चारही लागतात. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून 40 ते 50 मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. काट्याने दाबल्यावर मांस विरोध न करता सुटलं पाहिजे. तसं झालं नसेल तर आणखी पंधरा मिनिटं.

पाण्यात घालायचं ते मोजकंच: मीठ, एक गाजर, दोन लवंगा टोचलेला एक कांदा, सहा-सात काळे मिरे, असल्यास लीकचा किंवा सेलरीचा तुकडा आणि थाइमची काडी. फ्रेंच लोक घालतात ते बे लीफ आणि आपलं तमालपत्र ही वेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानाचा वास दालचिनीकडे झुकतो. घालायचंच असेल तर अर्धं पुरे. थाइम मिळालं नाही तर ओव्याचे चार-पाच दाणे टाकता येतात, कारण दोन्हींच्या वासात थायमॉल हेच द्रव्य आहे. पण चार-पाच म्हणजे चार-पाचच.

मांस रश्शातच गार होऊ द्या आणि शक्य असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर जमलेली चरबी सहज उचलता येते आणि गार मांस सुरीखाली नीट कापलं जातं. गरम मांस चिरायला गेलात तर त्याचे नुसते दोरे होतील.

सहा माणसांसाठी प्रमाण सांगा.

बिनहाडाचं कच्चं बीफ 1.2 किलो (शिजून साधारण 700 ग्रॅम उरतं), बटाटे सव्वा ते दीड किलो, लोणी 100 ग्रॅम, दूध 200 ते 250 मिली, दोन मोठे कांदे, लसणाच्या तीन पाकळ्या, एक टेबलस्पून मैदा, गाळलेला रस्सा 200 मिली, मूठभर पार्स्ली, जायफळ, मिरपूड, वरून घालायला मूठभर ब्रेडचा चुरा आणि हवं असल्यास 80 ग्रॅम चीज. भांडं साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरचं, किमान 6 सेंटिमीटर खोल.

पार्स्ली नसेल तर कोथिंबीर घालू का, असं खूपजण विचारतात. घातली तर चव पूर्ण बदलते. त्यापेक्षा पार्स्लीशिवाय करा.

मधला थर कसा करायचा?

कांदा बारीक चिरून 30 ग्रॅम लोण्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. तो गुलाबी करायचा नाही, मऊ आणि गोडसर करायचा. लसूण घाला, मिनिटभराने मैदा भुरभुरून दोन मिनिटं हलवा, मग रस्सा थोडा थोडा घाला. दाटसर झालं की चिरलेलं मांस, मगज, पार्स्ली, मिरपूड. फक्त गरम होईपर्यंत ठेवा.

आता पोत तपासा. चमच्याने मांस बाजूला ओढलं तर तळाशी थोडा रस दिसावा, पण तो वाहत जाऊ नये. ओव्हनमध्ये काही रस आटतो आणि काही खालचा बटाटा शोषतो, त्यामुळे या टप्प्यावर किंचित जास्त ओलं वाटलं तरी घाबरू नका. मीठ इथेच चाखून घ्या, कारण थर लागल्यावर दुरुस्ती करता येत नाही.

काही जुन्या पद्धतींत दुधात भिजवलेला ब्रेड किंवा एक अंडं मिसळतात. त्याने थर घट्ट बसतो. मला त्याची गरज वाटत नाही. कोणी अर्धी वाटी लाल वाइन कांद्यावर आटवतात, ती मात्र छान लागते.

बटाटा कोणता घ्यायचा?

पिठूळ, जुना बटाटा. फ्रान्समध्ये बिंत्ये किंवा आग्रिया घेतात. आपल्या बाजारात नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघणारा बटाटा या कामाचा नाही. त्यात पाणी जास्त असतं आणि लगदा पचपचीत होतो. पुण्या-मुंबईच्या बाजारात इंदूरचा म्हणून जो बटाटा मिळतो तो सहसा जास्त कोरडा असतो.

कोल्ड स्टोरेजमधला बटाटा गोड लागतो ही तक्रार खरी आहे. कमी तापमानात त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा मिळाला तर टोपलीत, अंधारात, घरातल्याच तापमानाला दहा-पंधरा दिवस ठेवा. बरीचशी साखर परत कमी होते. घाई असेल तर मिरपूड आणि जायफळ थोडं वाढवा.

माझा बटाटा चिकट, रबरासारखा का होतो?

मिक्सर किंवा हँड ब्लेंडरमुळे. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी फुगलेल्या स्टार्चने गच्च भरलेल्या असतात. पातं वेगाने फिरलं की पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. एकदा खळ झाली की मागे फिरता येत नाही.

फ्रेंच घरांत यासाठी हाताने फिरवायची चाळणी असते. आपल्याकडे पुरणयंत्र आहे आणि ते अगदी तेच काम करतं. बटाटे सालासकट गार पाण्यात घालून उकळायला ठेवा, लिटरला दहा ग्रॅम मीठ. सुरी सहज आरपार गेली की निथळा, सोला, आणि कोरड्या पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटं हलवून वाफ घालवा. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार बटाटा जोर लावून काढावा लागतो आणि पुन्हा चिकटतो.

मग आधी लोणी, 60 ग्रॅम, लाकडी चमच्याने. ते मुरलं की गरम दूध, थोडं थोडं. गार दूध घालू नका. जायफळ किसा, मीठ बघा. लगदा चक्क्यापेक्षा सैल आणि श्रीखंडाइतका पसरणारा हवा. घट्ट राहिला तर ओव्हनमध्ये त्याला तडे जातात.

तळाला बटाट्याचा थर लागतोच का?

बऱ्याच पाककृतींत फक्त वरचा थर असतो, आणि तेही चुकीचं नाही. मी दोन्ही थर लावते. तळाचा बटाटा मांसाचा रस पितो आणि त्या थराची चव वरच्यापेक्षा जास्त गडद असते. ज्यांच्याकडे हा पदार्थ पाणचट होतो त्यांनी तर तळाचा थर लावावाच.

भांड्याला लोणी फासा, बटाट्याचा एक तृतीयांश भाग खाली पसरा, मांस कडेपर्यंत न नेता बोटभर जागा सोडून पसरा, उरलेला बटाटा वर. कडेने वरचा थर भांड्याला चिकटवून बंद करा, म्हणजे रस उसळून बाहेर येत नाही. मग काट्याने वरून आडव्या रेघा ओढा. रेघांच्या कडा आधी तांबूस होतात आणि कुरकुरीतपणा तिथूनच येतो. नुसता गुळगुळीत ठेवलेला थर एकसारखा पिवळा भाजला जातो आणि फिका लागतो.

चीज हवंच का?

नाही. ब्रेडचा चुरा आणि वरून लोण्याचे लहान लहान तुकडे हा जुना आणि मला जास्त आवडणारा प्रकार. चीज घालायचं असेल तर फ्रान्समध्ये ग्रुइएर, काँते किंवा एमेंताल घालतात. आपल्याकडे मिळणारा गौडा चालतो. प्रोसेस्ड चीजचे क्यूब टाळा, ते वितळण्याऐवजी कातडं धरतात आणि त्यांचा खारटपणा मांसाची चव झाकतो.

ओव्हनचं तापमान आणि वेळ?

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सियसला 25 ते 30 मिनिटं. दोन्ही थर गरम असताना लावले असतील तर 20 मिनिटांतही होतं. कडेने रसाचे बुडबुडे दिसायला लागले आणि रेघा तांबूस झाल्या की झालं. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरची आच लावा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मग वाढा. लगेच चमचा घातला तर थर एकमेकांत मिसळतात.

ओटीजी आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही चालतात. यांपैकी काहीच नसेल तर जाड बुडाच्या कढईत थर लावून, झाकण ठेवून, बारीक गॅसवर वीस मिनिटं गरम करा आणि चुरा वेगळा लोण्यावर परतून वाढताना वर पसरा. वरची खरपूस साय मिळणार नाही, चव मिळेल.

आपला गरम मसाला, आलं-लसूण घालू का?

तुमच्या घरात तुम्ही काय घालायचं हे मी सांगणार नाही. पण एकदा तरी न घालता करून बघा, अशी मनापासून विनंती. तीन तास शिजलेल्या मांसाला, लोण्यातल्या कांद्याला आणि जायफळाला स्वतःची चव असते आणि ती बारीक आवाजात बोलते. गरम मसाल्यापुढे ती ऐकूच येत नाही. ज्यांना अगदीच सौम्य वाटतं त्यांनी ताटात बाजूला मोहरीचं सॉस घ्यावं. फ्रेंच लोकही बीफबरोबर दिजाँची मोहरी घेतातच.

हाच पदार्थ इंग्रज कॉटेज पाय म्हणून करतात ना?

जवळचा नातेवाईक. कॉटेज पायमध्ये बीफ, शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचं मांस. तिथे बटाटा सहसा फक्त वर असतो आणि मांसात वुस्टरशर सॉस, गाजर, मटार येतात. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या पाते शिन्वामध्ये तळाला बीफ, मध्ये मका, वर बटाटा. अर्जेंटिनाच्या पास्तेल दे पापामध्ये मांसात जिरं, ऑलिव्ह आणि उकडलेलं अंडं असतं, कुठे बेदाणेही.

गोव्यात आणि वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत होणारे पोटॅटो चॉप याच दोन जिन्नसांचे, पण थरांऐवजी बटाट्याच्या पारीत मांस भरून, रव्यात किंवा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले. तिथे मात्र मिरची, आलं, व्हिनेगर सगळं हवंच. चॉप ज्यांना जमतात त्यांना आशी पार्मांतिएचा बटाटा पहिल्याच वेळी जमेल.

बीफ नको असेल तर?

मटणाच्या खांद्याचं किंवा रानाचं मांस याच पद्धतीने करा, दीड ते दोन तासांत शिजतं. फ्रान्समध्ये बदकाच्या मांसाचा प्रकारही फार लोकप्रिय आहे, आणि खारवलेल्या कॉड माशाचाही. चिकन मला इथे आवडत नाही. त्यात जिलेटिन कमी, त्यामुळे मधला थर कोरडा राहतो.

सोबत काय वाढायचं?

हिरवी पानं, मोहरी-व्हिनेगर-तेलाच्या ड्रेसिंगसह. बस्स. पाव लागत नाही, भात तर नाहीच. ताटात आंबट काहीतरी हवं, कारण लोणी आणि बटाटा जड पडतात.

आदल्या दिवशी करून ठेवता येतो का? उरला तर किती टिकतो?

थर लावून, झाकून, न भाजता फ्रीजमध्ये एक दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी थेट फ्रीजमधून काढला तर आधी झाकून 180 अंशांना 25 मिनिटं, मग उघडा करून 200 ला 15 ते 20 मिनिटं. काचेचं भांडं असेल तर ते फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर गरम ओव्हनमध्ये तडकू शकतं.

शिजवलेलं मांस किंवा भाजलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो. परत गरम करताना मधोमध वाफ यायला हवी, नुसत्या कडा गरम होऊन भागत नाही. डीप फ्रीझरमध्ये दोन महिने ठेवता येतो. लहान डब्यांत ठेवा, म्हणजे हवा तेवढाच काढता येतो. उरलेला रस्सा टाकून देऊ नका, गाळून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी मधल्या थराला तोच वापरा, किंवा त्यात शेवया घालून सूप करा.

पोतोफ न करता, फक्त या पदार्थासाठी मांस शिजवलं तर?

बहुतेक वेळा मीही तेच करते. फक्त मांस थोडं जास्त घ्या. दोन किलो शिजवलंत तर पहिल्या दिवशी रस्सा, उकडलेल्या भाज्या आणि मोहरीसोबत अर्धं खाता येतं, उरलेल्या अर्ध्याचे दुसऱ्या दिवशी थर लागतात. गॅस तेवढाच जळतो आणि दोन जेवणं होतात.